आफ्रिकेचा भूगोल, व्यापार आणि युरोपियन सत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे सिंह, वाळवंट, दुष्काळ आणि गुलामगिरी एवढंच डोक्यात येतं, शाळेतही दोन धड्यांत विषय संपतो. मग स्पर्धा परीक्षा करणारी मुलं, इतिहासाची आवड असलेली मंडळी, आफ्रिकेत नोकरीला चाललेले लोक सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एका जागी घेतलेत. वाचताना शेजारी नकाशा उघडा ठेवा, उंचसखलपणा दाखवणारा असेल तर फारच उत्तम, कारण अर्धी उत्तरं त्यातच दिसतात.

आफ्रिका नक्की किती मोठी आहे?

साधारण ३ कोटी चौरस किलोमीटर. आपला भारत जवळपास ३३ लाख, म्हणजे नऊ भारत आत बसतात. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, पण आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे, तो नकाशा ध्रुवांकडचे भाग ताणून दाखवतो म्हणून असं होतं. आज ५४ देश आहेत आणि भाषा दोन हजारांच्या आसपास, त्यामुळे "आफ्रिकन लोक असे असतात" हे वाक्यच मुळात चुकीचं आहे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. विषुववृत्त बरोब्बर मधून जातं, त्यामुळे मध्ये घनदाट जंगल, त्याच्या वर-खाली गवताळ प्रदेश, मग अर्धवाळवंट, मग वाळवंट, आणि अगदी दोन्ही टोकांना भूमध्य सागरासारखं हिवाळी पावसाचं हवामान असे पट्टे तयार झालेत. कुठे गुरं पाळायची, कुठे ज्वारी पेरायची, कुठे केळी आणि सुरण यांवर जगायचं हे बऱ्याच अंशी या पट्ट्यांनी ठरवलं.

म्हणजे भूगोलामुळे आफ्रिका मागे राहिली, असंच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त घोटाळा यातच आहे. भूगोल कुठली गोष्ट सोपी आणि कुठली महाग हे ठरवतो, पुढे काय करायचं ते माणसं ठरवतात. सहारा ओलांडणं महाग होतं तरी लोकांनी तो हजार वर्षं ओलांडला आणि त्यावर साम्राज्यं उभी केली. काँगो नदीचे धबधबे युरोपियनांना चारशे वर्षं नडले, पण धबधबे पार झाल्यावर तिथल्या माणसांकडून चाबकाच्या जोरावर रबर काढून घ्यायचं हा निर्णय धबधब्यांनी घेतला नव्हता, तो ब्रुसेल्समध्ये बसलेल्या एका राजानं घेतला. पुढची सगळी उत्तरं वाचताना हा फरक सोडू नका.

सहारा वाळवंटामुळे आफ्रिकेचे उत्तर आणि दक्षिण भाग एकमेकांपासून तुटले होते का?

काही काळ हो, पण लोक समजतात तेवढे नाही. आणि सहारा कायम वाळवंट नव्हताच. साधारण अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वी तिथे तळी होती, गवत होतं, गुरं चरत होती, अल्जेरियातल्या तासिलीच्या खडकांवर गुरांचे कळप आणि पाणघोडे रंगवलेले आजही दिसतात. पाऊस दक्षिणेला सरकत गेला तशी माणसंही सरकली, काही नाईलकडे, काही खाली साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या अर्धकोरड्या गवताळ पट्ट्यात.

मग इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत उंटाचा वापर वाढला आणि चित्रच बदललं. सहाराच्या पोटात मीठ होतं, पण सोनं नव्हतं. दक्षिणेला पश्चिम आफ्रिकेतल्या बंबूक आणि बुरे भागात सोनं होतं, पण मीठ नव्हतं, आणि उष्ण हवेत दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला मिठावाचून चालत नाही. झाला व्यापार सुरू.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये तघाझा नावाच्या मिठागराच्या गावात थांबला होता. त्यानं लिहून ठेवलंय की तिथे झाड नाही, घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, छप्पर उंटाच्या कातड्याचं, पाणी मचूळ, आणि माश्याच माश्या. जमीन खणली की मिठाच्या जाड लाद्या एकावर एक रचल्यासारख्या निघायच्या, एका उंटावर दोन लाद्या लादायच्या. खायला काही पिकत नव्हतं, खजूर उत्तरेकडून आणि धान्य दक्षिणेकडून यायचं. आणि हे मीठ खणणारे गुलाम होते, तेही त्यानं नोंदवलंय. असल्या जागी सोन्याचे सौदे चालायचे.

घाना (आजचा घाना देश नव्हे, त्याच्या उत्तरेचं जुनं राज्य), माली, सोंघाई ही राज्यं याच व्यापारावर मोठी झाली. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि एवढं सोनं वाटलं की तिथले सोन्याचे भाव पडले, बारा वर्षांनीसुद्धा ते सावरले नव्हते असं तेव्हाच्या अरब लेखकानं म्हटलंय. टिंबक्टू नकाशावर शोधा म्हणजे ते तिथेच का वसलं ते कळेल: नायजर नदी उत्तरेला वाळवंटाकडे जास्तीत जास्त वर जाते त्या वळणापाशी, म्हणजे उंटावरचा माल होडीत आणि होडीतला माल उंटावर चढवायची जागा. व्यापाराबरोबर इस्लाम आला, लिहिणं-वाचणं आलं, हस्तलिखितांचे संग्रह झाले. पुढे १५९१ मध्ये मोरोक्कोच्या बंदूकधारी सैन्यानं हाच सहारा ओलांडून सोंघाईला तोंडीबीच्या लढाईत हरवलं. माल जातो त्या वाटेनं सैन्यही जातं.

एवढ्या मोठ्या नद्या असताना जहाजं आत का जाऊ शकली नाहीत?

कारण आफ्रिका बहुतांश पठार आहे आणि ते पठार किनाऱ्याजवळ येऊन एकदम खाली उतरतं. आपल्याकडे सह्याद्री कोकणात उतरतो तसंच, फक्त इथे अख्ख्या खंडाला अशी कड आहे. नद्या ही कड उतरताना धबधबे आणि खळाळ तयार करतात, आणि तेही नेमके समुद्राजवळ, म्हणजे बोट जिथून शिरणार तिथेच.

काँगो घ्या. पोर्तुगीज दिओगो काँव १४८२-८३ च्या सुमारास तिच्या मुखाशी पोचला. थोडं वर गेलं की माताडीपासून पुढे किन्शासापर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटर खळाळच खळाळ, तीसच्या वर छोटे-मोठे धबधबे. गंमत म्हणजे त्याच्या वर गेलात की नदी शांत, उपनद्यांसकट हजारो किलोमीटर बोटी चालतात, किन्शासा शहर त्या शांत पाण्याच्या काठावरच वसलंय. पण तिथपर्यंत समुद्रातून जहाज नेता येत नाही.

झांबेझीचं तेच. लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश धर्मप्रचारक-प्रवाशाला वाटत होतं की या नदीतून व्यापाराचा राजमार्ग उघडेल, १८५८ मध्ये बोट घेऊन गेला आणि काहोरा बासाच्या खळाळांनी त्याला अडवलं. नाईलवर अस्वान आणि खार्टूमच्या मध्ये सहा मोठे खळाळ आहेत, म्हणून तर त्यांच्यामागे केर्मा, नपाता, मेरोए अशी नूबियाची राज्यं इजिप्तच्या शेजारी राहूनही आपली वेगळी ओळख टिकवून होती. खालच्या नाईलवर मात्र उलट सोय, प्रवाह उत्तरेला नेतो आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून वाहतो, त्यामुळे जाताना पाण्याबरोबर जा आणि येताना शीड उभारा. इजिप्त एवढं एकसंध राहिलं त्यात या सोयीचा मोठा वाटा आहे.

आणि नायजर तर सगळ्यांना चकवणारी नदी. गिनीच्या डोंगरात समुद्रापासून फक्त २४० किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून वाळवंटाकडे निघते, मग मोठं वळण घेऊन चार हजार किलोमीटरचा प्रवास करून गिनीच्या आखाताला मिळते. मुखाशी तिच्या इतक्या फांद्या होतात, खारफुटीत इतकी हरवते, की युरोपियन लोक त्या फांद्यांवर शेकडो वर्षं व्यापार करत होते पण हीच ती नायजर हे त्यांना १८३० मध्ये लँडर बंधू हे इंग्रज प्रवासी वरून होडीनं खाली आले तेव्हा पक्कं कळलं. तिच्या काठच्या लोकांना अर्थातच ती आधीपासून माहीत होती. नदीच्या मधल्या पूरमैदानात जेने नावाचं गाव आहे, तिथे दगड नाही, इमारती लाकूड कमी, म्हणून सगळं बांधकाम नदीच्या चिखलाचं. तिथली आजची मोठी मशीद १९०७ ची आहे, भिंतींतून लाकडी खुंट बाहेर आलेले दिसतात, ते शोभेचे तर आहेतच पण दरवर्षी अख्खा गाव जमून भिंती नव्यानं लिंपतो तेव्हा चढायला तेच कामाला येतात.

त्से-त्से माशीचा इतिहासाशी काय संबंध?

प्रचंड आहे. एक माशी आहे म्हणून हा मुद्दा पुस्तकात एका ओळीत उरकतात, ते बरोबर नाही.

ही माशी झाडीत, ओलाव्याच्या भागात राहते आणि चावली की गुरांना नगाना आणि माणसांना निद्रारोग होतो. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात त्यामुळे घोडा, बैल टिकतच नाहीत. आता विचार करा, बैल नाही म्हणजे नांगर नाही, मोट नाही, गाडी नाही, शेण नाही म्हणजे खतही कमी. शेती कुदळीनं करायची आणि माल डोक्यावर न्यायचा. डोक्यावर न्यायचा माल म्हणजे हलका आणि किमती हवा, म्हणून सोनं, हस्तिदंत, कोला फळं लांब जात होती पण धान्य लांब जात नव्हतं. चाक तिथल्या लोकांना सुचलं नाही वगैरे जे बोललं जातं ते किती उथळ आहे बघा, ओढायला जनावरच जगत नसेल तर चाक लावून करायचं काय?

राज्यांची हद्दसुद्धा माशीनं आखली. वर साहेलच्या कोरड्या पट्ट्यात माशी नाही, तिथे घोडदळाची राज्यं झाली, फुलानी लोकांचे गुरांचे कळप फिरत राहिले. आजच्या नायजेरियातलं ओयोचं राज्य घोडदळावर चालायचं, पण घोडे उत्तरेकडून सतत विकत आणावे लागायचे कारण तिथे ते फार काळ जगत नसत. आणि खाली आजच्या घानाच्या जंगलात असांते लोकांचं राज्य घोड्याशिवाय उभं राहिलं, उत्तरेकडच्या घोडेस्वारांना जंगलात शिरणं परवडत नव्हतं.

यातला सगळ्यात वाईट भाग नंतरचा आहे. १८८० च्या दशकाच्या शेवटी इटलीच्या सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांड्या रोग पूर्व आफ्रिकेत शिरला आणि काही वर्षांत दक्षिण टोकापर्यंत गेला. कित्येक भागांत दहातली नऊ गुरं मेली. मसाई, फुलानी, इथिओपियन शेतकरी, सगळे उघड्यावर पडले, त्यापाठोपाठ उपासमार. चरायला गुरं नाहीत म्हणून झुडपं वाढली आणि झुडपांबरोबर त्से-त्से माशी नव्या भागात पसरली. नेमकं याच वेळी गोरे वसाहतवाले आले आणि म्हणाले, ही जमीन तर रिकामीच आहे. ती रिकामी नव्हती, नुकतीच उजाड झाली होती.

युरोपियन लोक चारशे वर्षं किनाऱ्यावरच का थांबले?

मुख्य कारण मलेरिया आणि पीतज्वर, दुसरं कारण वर सांगितलेले धबधबे, आणि तिसरं कारण जे पुस्तकात कमी येतं ते म्हणजे आफ्रिकन राजे त्यांना आत येऊ देत नव्हते. पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये आजच्या घानात एल्मिनाचा किल्ला बांधला, पण तिथल्या किल्ल्यांसाठी स्थानिक राजांना भाडं, नजराणे द्यावे लागायचे. आतला व्यापार आतल्या लोकांच्या हातात होता.

मलेरियाचं म्हणाल तर पश्चिम किनाऱ्याला गोऱ्यांची कबर असंच नाव पडलं होतं. १८४१ ला ब्रिटिशांनी नायजरवर मोठी मोहीम पाठवली, जवळपास दीडशे गोऱ्यांपैकी बहुतेक तापानं आडवे झाले आणि चाळीसएक मेले. मग १८५४ ला बेकी नावाचा डॉक्टर त्याच नदीवर गेला, त्यानं सगळ्यांना आधीपासून रोज क्विनीन दिलं आणि एकही गोरा तापानं मेला नाही. क्विनीन दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतलं, ते १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळं काढलं गेलं. नंतर ब्रिटिशांनी सिंकोनाच्या बागा निलगिरी आणि दार्जिलिंगला लावल्या. आणि मलेरिया डासांतून पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सिकंदराबादला सापडला. एका खंडाची साल, दुसऱ्या खंडातला शोध, आणि दार उघडलं तिसऱ्या खंडाचं.

स्थानिक लोकांनी मात्र या तापाबरोबर हजारो वर्षं काढली होती. सिकलसेलचा एक जनुक असेल तर मलेरियापासून बराच बचाव होतो, दोन असतील तर भयंकर आजार. हा प्रश्न आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी भागात ओळखीचा आहे, तिथला जनुकीय बदल स्वतंत्रपणे झालाय असं मानतात, पण त्यामागेही मलेरियाच आहे.

पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी का?

मान्सूनमुळे. आपल्या कोकणातल्या खलाशाला हे सांगायची गरज नाही: डिसेंबरपासून वारा ईशान्येकडून वाहतो, तो गलबतांना अरबस्तान आणि भारताकडून आफ्रिकेकडे नेतो, आणि एप्रिलनंतर नैर्ऋत्येचा वारा त्यांना परत आणतो. म्हणजे जाणं-येणं ठरलेलं, पण मध्ये काही महिने तिथे थांबायलाच लागतं. या थांबण्यातून लग्नं झाली, मशिदी झाल्या, स्वाहिली भाषा आणि संस्कृती फुलली, व्याकरण आफ्रिकेतल्या बांटू भाषांचं आणि शब्द अरबीतून भरपूर. मोगादिशू, मोंबासा, झांझिबार, किल्वा ही शहरं प्रवाळाच्या दगडात बांधलेली. किल्वा साधारण तिथे आहे जिथपर्यंत एका हंगामात जाऊन परत येता येतं, त्याच्या खाली सोफाला बंदरातून सोनं यायचं आणि ते किल्वाच्या ताब्यात होतं.

ते सोनं आतल्या पठारावरून, ग्रेट झिंबाब्वेच्या राज्यातून. तिथल्या दगडी भिंती चुन्याशिवाय रचलेल्या, काही ठिकाणी अकरा मीटर उंच. त्या भागातला ग्रॅनाइट दिवसाच्या उन्हानं आणि रात्रीच्या गारव्यानं पापुद्र्यांसारखा सुटतो, त्यामुळे सपाट दगड आयते मिळायचे. उत्खननात चिनी भांडी आणि किल्वाचं नाणं सापडलंय. गोऱ्या राज्यकर्त्यांनी मात्र हे आफ्रिकन लोकांनी बांधलंच नाही, फिनिशियन किंवा आणखी कुणी बांधलं असं कितीतरी वर्षं चालवलं. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे आफ्रिकन लोकांचंच काम आहे, तरी ऱ्होडेशियाचं (आजच्या झिंबाब्वेचं) गोरं सरकार पुढे कित्येक वर्षं ते मानायला तयार नव्हतं. दुसऱ्याची जमीन घ्यायची तर आधी त्याचा इतिहास नाकारावा लागतो.

यात गोव्याचा आणि महाराष्ट्राचा काही संबंध येतो का?

येतो, आणि चांगला घट्ट येतो.

वास्को द गामा १४९८ मध्ये मालिंदीहून वाटाड्या घेऊन मान्सूनच्या वाऱ्यावर कालिकतला आला. १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी किल्वा लुटलं, मोंबासा जाळलं. त्यानंतर पूर्व आफ्रिकेतला त्यांचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता, मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालायचं. लिस्बनपेक्षा गोवा वाऱ्यानं जवळ होता, इतकं साधं कारण. मोंबासाचा फोर्ट जीझस १५९३ ला बांधायला घेतला, ओमानी सैन्यानं १६९६ मध्ये वेढा घातला तेव्हा मदतीची जहाजंही गोव्याहूनच जायची. पुढे ब्रिटिश काळात गोवेकर क्लार्क, आचारी, शिंपी, डॉक्टर म्हणून केनिया-युगांडात गेले, केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले पियो गामा पिंटो हे गोवेकर घरातलेच, १९६५ मध्ये नैरोबीत त्यांची हत्या झाली.

महाराष्ट्राकडे या. मलिक अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मुघलांना त्यानं आयुष्यभर दमवलं. त्यानं वसवलेलं खडकी म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथली नहर त्याचीच. मुरूडचा जंजिरा सिद्दींचा, तो मराठ्यांना शेवटपर्यंत घेता आला नाही. हे लोक आले कसे? इथिओपियाच्या उंच पठारावरच्या राज्यांच्या आणि खालच्या सखल मुलखाच्या लढायांत माणसं पकडली जायची, तांबड्या समुद्राच्या बंदरांत विकली जायची, आणि तिथून तोच मान्सून त्यांना आपल्या किनाऱ्यावर आणायचा.

आणि आपलं ताट बघा. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी साहेलची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली, चवळीसुद्धा आफ्रिकेतली. साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून ही धान्यं इकडे यायला लागली. उन्हाळी पाऊस, मधेच ताण, हलकी जमीन असं हवामान दोन्हीकडे सारखं म्हणून ती इथे अशी रुजली की आज सोलापूरच्या माणसाला ज्वारी परकी म्हटलेलं आवडणार नाही. काही गावांत, जुन्या दर्ग्यांपाशी, किल्ल्यांपाशी गोरखचिंचेचं अवाढव्य झाड दिसतं, तेही आफ्रिकेतलंच.

गुलामांचा व्यापार पश्चिम किनाऱ्यावरूनच एवढा का झाला?

वारे आणि समुद्रप्रवाह यांनी पश्चिम आफ्रिका आणि अमेरिका जोडल्या गेल्या, अंगोलाहून ब्राझील तर फारच सोयीचं. अमेरिकेतले मूळ रहिवासी युरोपियन रोगांनी आणि जुलमानं लाखोंनी मेले होते आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १५०१ ते १८६६ या काळात साधारण सव्वा कोटी माणसं जहाजांत चढवली गेली, पलीकडे जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. मधली माणसं समुद्रात गेली. सहारा आणि हिंदी महासागराच्या बाजूनंही गुलाम नेले जात होते, ते त्याहून कितीतरी आधीपासून.

भूगोलानं रस्ता दिला, पण मागणी मळेवाल्यांची, भांडवल युरोपातल्या बंदरांचं, आणि माणसं पकडून विकणारे काही स्थानिक राजेही होतेच, ते लपवण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी लोकांनी भूगोलाचाच आसरा घेतला, घोडेस्वार पोचणार नाहीत अशा कड्यांवर, तळ्यांत खांबांवर वस्त्या केल्या. आजच्या बेनिनमधलं गांव्हिए हे पाण्यावरचं गाव तसंच वसलं.

मग १८८० नंतर एकदम एवढ्या घाईत सगळा खंड कसा गिळला?

१८७० च्या दशकात खंडाचा साधारण दहावा हिस्सा युरोपियनांकडे होता, १९१४ पर्यंत नव्वद टक्के गेला. क्विनीननं ताप आवरला, सपाट बुडाच्या वाफेच्या बोटी उथळ नद्यांत शिरल्या, १८८४ मध्ये मॅक्झिम गन, म्हणजे आपोआप गोळ्या झाडत राहणारी बंदूक आली, आणि मग रेल्वे. युरोपातल्या कारखान्यांना पामतेल, रबर, कापूस, तांबं हवं होतं.

१५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनला परिषद झाली, चौदा देश बसले, आफ्रिकन एकही नाही. तिथे बसून पट्टीनं अख्खा नकाशा कापला असं सांगतात ते बरोबर नाही, तिथे मुख्यतः काँगो आणि नायजर या नद्यांवरच्या व्यापाराचे आणि किनाऱ्यावर ताबा सांगण्याचे नियम ठरले. रेषा नंतरच्या वीसेक वर्षांतल्या करारांत पडल्या.

काँगोचं काय झालं ते नीट वाचावं असं आहे. बेल्जियमच्या राजा लिओपोल्डनं तो मुलूख स्वतःच्या नावावर करून घेतला. धबधब्यांच्या वर बोटी न्यायच्या म्हणून त्या सुट्या करून तुकडे माणसांच्या डोक्यावरून चढवले. मग १८९० ते १८९८ मध्ये माताडी ते आजचं किन्शासा रेल्वे बांधली, त्यात हजाराहून जास्त मजूर मेले. त्याच सुमारास हवेचे टायर निघाले आणि काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला कोटा, भरला नाही तर बायकांना ओलीस धरायचं, माणसं मारायची, आणि शिपायांनी गोळी फुकट घालवली नाही याचा पुरावा म्हणून हात तोडून आणायचे. मोरेल नावाच्या एका जहाज कंपनीच्या कारकुनाला अँटवर्पच्या गोदीत दिसलं की जहाजं रबर, हस्तिदंतानं भरून येतात आणि जाताना बंदुका, दारूगोळाच नेतात, म्हणजे हा व्यापार नाहीच, ही वेठबिगारी आहे. त्यानं आणि इतरांनी उठवलेल्या आवाजानंतर १९०८ मध्ये लिओपोल्डकडून काँगो काढून बेल्जियम सरकारकडे गेला.

गांबिया आणि नामिबियाचा तो लांब शेपटासारखा भाग असा का आहे?

गांबिया म्हणजे नदी आणि तिचे दोन काठ, रुंदी पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. ब्रिटिशांकडे नदी, फ्रेंचांकडे भोवतालचा सेनेगल, एवढंच.

नामिबियाची कॅप्रिवी पट्टी १८९० च्या करारातली. जर्मनीला झांबेझीपर्यंत पोचायचं होतं, म्हणजे तिथून बोटीनं थेट हिंदी महासागर. साडेचारशे किलोमीटरची चिंचोळी पट्टी मिळवली, आणि तिच्या टोकापासून थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया धबधबा, शंभर मीटरहून खोल. लिव्हिंग्स्टननं १८५५ लाच तो पाहून लिहिला होता, तरी रेषा ओढली. या रेषांनी एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला बहीण अशी कुटुंबं, कुरणं, पाणवठे तोडले, आणि १९६४ मध्ये स्वतंत्र आफ्रिकन देशांनी कैरोला ठरवलं की याच सीमा पाळायच्या, कारण एक उकरली तर सगळ्याच उकरल्या जातील. मला तो निर्णय समजूतदारपणाचा वाटतो.

इथिओपिया कसा वाचला?

उंच पठार, दऱ्या खोल, मलेरिया आणि त्से-त्से दोन्ही वरती कमी, बैलाचा नांगर चालतो, टेफ नावाचं बारीक धान्य पिकतं, म्हणजे मोठं सैन्य पोसण्याइतकी शेती. अक्सुम या तिथल्या प्राचीन राज्याच्या काळापासून राज्य चालवायची परंपरा. पण पठार एकटं पुरलं नसतं. सम्राट मेनेलिकनं फ्रान्स, रशिया, खुद्द इटलीकडूनसुद्धा बंदुका घेतल्या होत्या आणि वेगवेगळ्या प्रांतांचे सरदार एकत्र आणले. १ मार्च १८९६ ला अडुआला इटलीचं सैन्य अनोळखी डोंगरांत, चुकीच्या नकाशावर चालत विखुरलं आणि हरलं. १९३५ ला इटली पुन्हा आली, विमानं आणि विषारी वायू घेऊन, तेव्हा डोंगर पुरले नाहीत.

गोरे लोक मोजक्याच भागात का स्थायिक झाले?

जिथे त्यांची पिकं, गुरं आणि तब्येत टिकली तिथे. दक्षिण टोकाला केप भागात हिवाळी पाऊस, गहू-द्राक्षं येतात, तिथे डच १६५२ मध्ये उतरले. झोसा शेतकऱ्यांची ज्वारी उन्हाळी पावसाची, म्हणून त्यांची वस्ती पूर्वेलाच थांबलेली, दोघं ग्रेट फिश नदीपाशी भिडले आणि शंभर वर्षं लढाया झाल्या. मग किंबर्लीचे हिरे, १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडचं सोनं.

केनियात समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरवरची थंड जमीन किकुयू आणि मसाईंकडून काढून गोऱ्यांसाठी राखली. तिथे पोचायला १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर रेल्वे बांधली, त्यावर भारतातून, मुख्यतः पंजाब आणि गुजरातकडून, बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले, अडीच हजार मेले. त्सावोचे नरभक्षक सिंह सगळ्यांना माहीत असतात, पण बहुतेक मजूर रोगांनी आणि अपघातांनी गेले. नैरोबी १८९९ मध्ये या रेल्वेचा तळ म्हणून सुरू झालं. पश्चिम आफ्रिकेत मात्र गोरा शेतकरी टिकला नाही, म्हणून घानाचा कोको आफ्रिकन शेतकऱ्यांनीच स्वतःच्या जमिनीत पिकवला, आणि तो फरक आजही दिसतो.

आज या सगळ्याचं काय शिल्लक आहे?

रेल्वेचा नकाशा बघा. बहुतेक जुने मार्ग खाणीपासून किंवा मळ्यापासून सरळ बंदरापर्यंत जातात, शेजारच्या देशाकडे वळतच नाहीत, आणि वळले तरी पश्चिम आफ्रिकेत ब्रिटिशांचं रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी १०६७ मिलिमीटर आणि फ्रेंचांचं एक मीटर, त्यामुळे डबे पुढे जात नाहीत. सोळा देशांना समुद्रकिनारा नाही, त्यांचा माल दुसऱ्याच्या बंदरावर अवलंबून. झांबियाचं तांबं पूर्वी दक्षिणेकडून, गोऱ्या राजवटींच्या रेल्वेनं जायचं, ते टाळायला १९७० ते १९७५ मध्ये चीनच्या मदतीनं दार-एस-सलामपर्यंत १८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधली. तीही खाणीकडून बंदराकडेच जाते, पण हा मार्ग कुठून न्यायचा ते टांझानिया आणि झांबियाच्या सरकारांनी ठरवलं होतं.